शनिवारी तुम्ही बंद केलेली फाईल

युनूसभाई,

तुम्ही गेल्यानंतर सहाव्या दिवशी प्राचार्यांनी मला बोलावलं. कॉम्प्युटर लॅबमधलं तुमचं लोखंडी कपाट रिकामं करायचं होतं, किल्ली कुणाकडे सापडत नव्हती, आणि कुलूप तोडताना लॅबप्रमुख म्हणून मी समोर हवी होते. तुमची बदली ग्रंथालयात झाली तरी ते कपाट तुमच्याच नावावर राहिलं होतं. दोन वर्षं मी रोज त्याच्या शेजारून गेले, पण हात लावला नाही.

खोटं कशाला बोलू? कुलूप तुटत होतं तेव्हा माझ्या मनात दुःख नव्हतं. मला वाटत होतं, आता सापडेल. दोन वर्षांपूर्वी परीक्षेचा पेपर तुम्हीच फोडला याचा पुरावा या कपाटात सापडेल, आणि मी एकदाची सुटेन.

कुंभारीहून रोज सायकलवर येणारे आपले शिपाई धोंडीराममामा हातोडी घेऊन उभे होते. "माणूस लई सरळ हुता बगा," ते म्हणाले. दोन घाव घातले आणि थांबले. "पन मॅडम, सरळ मानसाला एवढं दणकट कुलूप कशाला की?"

माझ्या मनात तेच होतं.

आत स्क्रूड्रायव्हरचा डबा, जुने कीबोर्ड, केबलची वेटोळी. खालच्या कप्प्यात चौकड्याच्या रुमालात गुंडाळलेली एक हार्ड डिस्क. तिच्यावर चिकटपट्टी, आणि पट्टीवर तुमचं बारीक, उजवीकडं झुकलेलं अक्षर: 'परीक्षेचा आठवडा'.

कॉलेजची माहिती असलेली डिस्क तुमच्या खाजगी कुलपात काय करत होती? मी मामांना चहाला पाठवलं आणि दार आतून लावून घेतलं.

*

तुमची-माझी पहिली भेट आठवते का? मी नवीन होते, तासिकेवर शिकवायला आले होते. वर्गात युनिक्स प्रणालीतल्या फाईलींच्या परवानग्या शिकवत होते. प्रत्येक फाईलला तीन प्रकारची माणसं असतात: मालक, त्याचा गट आणि बाकीचे सगळे. प्रत्येकाला तीन परवानग्या देता येतात किंवा काढून घेता येतात: वाचायची, लिहायची, चालवायची. फळ्यावर आर, डब्ल्यू, एक्स लिहून मी ऐटीत सांगितलं, "फाईलवरून लिहायची परवानगी काढली की ती कुणाला पुसता येत नाही." मागच्या बाकावरच्या एका मुलीनं तिथल्या तिथं तशी फाईल पुसून दाखवली. वर्ग हसला. मी मुलीलाच दटावलं.

तुम्ही दाराशी प्रिंटरचं काही करत होता. सगळं ऐकलं होतं, पण मुलांसमोर एक शब्द काढला नाहीत. तास संपल्यावर व्हरांड्यात गाठून म्हणालात, "अक्का, ऐका की जरा. पुसायची परवानगी फाईलवर नसतीच. ती डिरेक्टरीवर असते."

मी तुमच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. आमच्या तेलुगू घरातला 'अक्का' हा शब्द तुम्ही पहिल्याच दिवशी मला लावलात, तो शेवटपर्यंत.

मग तिथंच उभं राहून तुम्ही मला समजावलंत. डिरेक्टरी म्हणजे नावांची यादी. तिच्यावर आर असेल तर यादी वाचता येते. एक्स असेल तर आत जाता येतं. डब्ल्यू असेल आणि आतही जाता येत असेल, तर यादीत नाव घालता येतं किंवा काढता येतं. फाईल पुसणं म्हणजे यादीतून नाव काढणं, म्हणून तिथं फाईलला कुणी विचारत नाही. "त्या पोरीनं बरोबर केलं," एवढं म्हणून तुम्ही निघून गेलात. दुसऱ्या दिवशी मी वर्गात चूक कबूल केली. तुम्ही सांगितलं, हे मात्र सांगितलं नाही.

*

आपलं भांडण युमास्कवरून सुरू झालं. नवी फाईल तयार होताना तिच्यातून कोणत्या परवानग्या आधीच कापून टाकायच्या, हे ठरवणारा तो आकडा. लॅबचा सर्व्हर तुम्ही सांभाळायचा, आणि सगळ्या शिक्षकांना शून्य सत्याहत्तर लावून ठेवला होता. म्हणजे शिक्षकानं कुठलीही फाईल बनवली तरी ती फक्त त्याला दिसणार, बाकी कुणाला नाही. माझे नमुन्याचे प्रोग्राम मुलांना वाचता येईनात. दर तासाला कुणीतरी ओरडायचं, "मॅडम, परवानगी नाकारली म्हणतंय!"

मी तुमच्या टेबलाशी येऊन चिडून बोलले. "तुम्हाला सगळेच चोर वाटतात का हो?"

"चोर नाही, अक्का. पण लागेल तेवढंच उघडं ठेवावं. नमुन्यांना वेगळी डिरेक्टरी करा, मी ती उघडून देतो."

"मला एवढा व्याप नको. माझ्या सगळ्या फाईली मुलांना वाचता आल्या पाहिजेत."

तुम्ही माझ्या खात्याचा आकडा शून्य बावीस केलात आणि माझी डिरेक्टरी बाकीच्यांसाठी उघडलीत. आता मी बनवलेली प्रत्येक फाईल जन्मतःच सगळ्यांना वाचता येणार होती. "मग गुपित काही असेल तर दर वेळी आठवणीनं बंद करावं लागेल," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, "माझी आठवण चांगली आहे."

*

त्या शुक्रवारी दुपारी मी सर्व्हरवर दोन फाईली बनवल्या, सोमवारच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या. एक 'प्रश्न', दुसरी 'उत्तर'. मग आवरून अक्कलकोटला मावसबहिणीच्या लग्नाला गेले. शनिवारी दुपारी तुमचे दोन मिस्ड कॉल होते. मांडवात सनई चालू होती. मी परत फोन केला नाही.

रविवारी पेपर मुलांच्या मोबाईलवर फिरत होता.

सोमवारी सकाळी लॅबमध्ये सगळे जमले. मी सगळ्यांसमोर 'प्रश्न' फाईलची माहिती काढली. युनिक्समध्ये फाईलला वेळेच्या तीन नोंदी चिकटलेल्या असतात: शेवटची वाचली कधी, मजकूर बदलला कधी, आणि तिसरी, तिची परवानगी किंवा मालकी असं काही बदललं कधी. पहिल्या वेळेवर कुणाचा भरवसा नसतो. दुसरी वेळ माझी होती, शुक्रवारची. तिसरी होती शनिवारी दुपारी बारा वाजून काही मिनिटांची. शनिवारी लॅबमध्ये एकटे तुम्ही होता. माझ्या फाईलला हात लावू शकेल असा रूटचा पासवर्डही एकट्या तुमच्याकडे होता. रूटला सर्व्हर परवानगी विचारतच नाही.

तुम्ही शांतपणे म्हणालात, "हो, मीच. बाकीच्यांना वाचता येत होती, म्हणून बंद केली. फोन केला होता."

"मी शुक्रवारीच बंद केली होती, कुणी उघडल्याशिवाय ती उघडी कशी राहील?" मी म्हटलं. आणि ते मला खरंच आठवत होतं, युनूसभाई. मी टाईप केलेलं, एंटर दाबलेलं. मग तुमच्या फोनचाही मला वेगळाच अर्थ लागला. मी बाहेरगावी आहे ना, याची तुम्ही खात्री करून घेत होता.

फाईलची आधीची परवानगी काय होती, हे फाईल सांगत नाही. फक्त आत्ताची सांगते. एका बाजूला तुमचा शब्द, दुसऱ्या बाजूला माझा.

चौकशी समितीत तिघे होते. तिघांपैकी एकालाही परवानग्यांमधलं काही कळत नव्हतं. तुम्ही एकच गोष्ट जोर देऊन सांगितली. "साहेब, मी फोडला असता तर उत्तरंपण गेली असती की. फिरतायत फक्त प्रश्न." समितीतल्या एकानं हे वहीत उद्धटपणा म्हणून लिहून घेतलं. दुसऱ्यानं विचारलं, "तुमच्या मोहल्ल्यातली बरीच मुलं शिकतात ना इथं?"

मी त्या खोलीत होते. त्या प्रश्नाचा पेपरशी काही संबंध नाही, हे मला कळत होतं. मी खिडकीबाहेर बघत बसले. माझ्या कायम नेमणुकीची मुलाखत वीस दिवसांवर होती, आणि तो प्रश्न माझ्या सोयीचा होता.

त्या आठवड्यात तुम्ही मला व्हरांड्यात तीनदा थांबवलंत. "अक्का, एकदा आठवून बघा. शुक्रवारी कुठली फाईल बंद केली?" मी तीनही वेळा एकच उत्तर दिलं. कुठली, असं तुम्ही विचारत होता. केली का, असं मला ऐकू येत होतं. चौथ्यांदा तुम्ही विचारलं नाहीत.

ठोस पुरावा नाही असं समितीनं लिहिलं आणि तरीही तुम्हाला ग्रंथालयात पाठवलं, पुस्तकांना बारकोड चिकटवायला. पासवर्ड काढून घेतला. मुलाखत झाली, मी कायम झाले. पुढं लॅबप्रमुख झाले.

दोन वर्षांत आपण एकदाच बोललो. मी पुस्तक परत करायला आले होते, तुम्ही स्टिकरचा कागद सोलत होता. मान वर न करता विचारलंत, "युमास्क काय ठेवलाय आता?"

"तुम्हाला काय करायचंय?" मी म्हटलं.

माझं तुमच्याशी झालेलं शेवटचं बोलणं हे.

*

तर, ती डिस्क. मी ती लॅबच्या मशीनला लावली आणि रूट म्हणून उघडली. आत त्या आठवड्याचे रोजचे बॅकअप होते, दर दिवसाचा एकेक गठ्ठा. बॅकअपमध्ये फाईलच्या मजकुराबरोबर तिच्या परवानग्याही जशाच्या तशा जातात. हे मी दर वर्षी वर्गात शिकवते. दोन वर्षांत मला एकदाही सुचलं नाही. की सुचू दिलं नाही?

शुक्रवारच्या गठ्ठ्याची यादी काढली. 'उत्तर': परवानगीचा आकडा सहाशे. मालकाला वाचता-लिहिता येईल, बाकी कुणाला काही नाही. 'प्रश्न': सहाशे चव्वेचाळीस. मालकाला वाचता-लिहिता, गटाला वाचता आणि बाकीच्या सगळ्यांना वाचता.

शनिवारच्या यादीत 'प्रश्न' सहाशे झालेली होती.

माझा पहिला विचार काय आला, सांगू? हे तुम्ही बनवलं असेल. रूटला काय अवघड आहे? मी सगळा गठ्ठा उलगडला, शेकडो फाईलींच्या वेळा जुळतात का ते तपासत बसले. कुठंतरी तुमची चूक सापडावी म्हणून दुपार घालवली. शेवटी शुक्रवारच्या गठ्ठ्यात माझ्याच डिरेक्टरीत मला एक फाईल दिसली. मी टाईप केलेल्या सगळ्या आज्ञा सर्व्हर जिच्यात ओळीनं लिहून ठेवतो, ती. उघडली. फाईलींची यादी काढायची 'एलएस' ही आज्ञा मी घाईत उलटी टाईप करते, तसं चार ठिकाणी होतं. एक नाव तीनदा चुकवून चौथ्यांदा बरोबर लिहिलं होतं. या माझ्या बोटांच्या चुका होत्या, त्या दुसऱ्या कुणाला जमल्या नसत्या. त्यात 'प्रश्न' बनवल्याची ओळ होती. 'उत्तर' बनवल्याची ओळ होती. मग एक, फक्त एक, बंद करण्याची आज्ञा होती.

'उत्तर' बंद केली होती मी. 'प्रश्न' केलीच नव्हती. मला आठवत होतं ते खरं होतं, फक्त दुसऱ्या फाईलबद्दल. त्या शुक्रवारी दुपारनंतर लॅबमध्ये बसलेलं कुणीही माझ्या डिरेक्टरीत येऊन ती वाचू शकत होतं. कुणीतरी वाचली. कुणी, ते आता कधीच कळणार नाही.

मी खुर्चीतून उठले नाही. मामा संध्याकाळचा चहा घेऊन आले आणि दार वाजवून परत गेले.

आणि मग मला तुमचा राग आला. हे तुमच्याकडे होतं, पहिल्या आठवड्यापासून. मग दाखवलं का नाहीत? माझी मुलाखत मोडू नये म्हणून? तसं मानलं तर तुम्ही फार मोठे होता आणि मला फक्त रडायचं आहे. पण मी अशी सहज विश्वास ठेवणारी बाई नाही, तुम्हाला माहीतच आहे. मग वाटलं, मला आयुष्यभर धाकात ठेवायला तुम्ही हे जपलं. पण धाक दाखवला कुठं? की वीसेक वर्षं सर्व्हर सांभाळल्यावर आपल्या शब्दावर पुरावा जोडावा लागतो, याचाच तुम्हाला अपमान वाटला? मला ठरवता येत नाही. तुम्ही गेल्यावर मी तुम्हाला संत बनवायला निघाले आहे की काय, असाही संशय येतो. संताचं एक बरं असतं, त्याची माफी मागावी लागत नाही, हार घातला की झालं.

*

प्राचार्यांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "मॅडम, ते गेले आता. तुमच्यावर कुणी दबाव आणतंय का?" मी नाही म्हटलं. "मग कशाला? असेल तर लेखी द्या."

लेखी दिलं. आवक क्रमांक पडला. काल मला खुलाशाची नोटीस आली, सात दिवसांत उत्तर द्यायचं आहे. ते देईन. नोकरीचं काय होईल ते होईल. ते पत्र कसं लिहिलं गेलं, ते मात्र तुम्हाला सांगायला हवं, कारण ते मी एकटीनं लिहिलेलं नाही.

द्यायच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, कच्चा कागद घेऊन मी नवी पेठेच्या मागच्या गल्लीत तुमच्या घरी गेले. रझियाभाभी इद्दतीत होत्या, नवऱ्यामागच्या शोकाचे चार महिने दहा दिवस बाहेर पडणार नव्हत्या, म्हणून जायला मलाच हवं होतं. खरं तर जायला मलाच हवं होतं, दुसरं काही कारण नको. त्यांचं फॉल-पिकोचं मशीन चादरीखाली झाकलेलं होतं.

"कायकू आये, मॅडम?" त्या दारातच म्हणाल्या. मग बाजूला झाल्या. "या."

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. शुक्रवार, शनिवार, डिस्क. त्यांनी मधे एकदाही टोकलं नाही. संपल्यावर विचारलं, "हे आता कळलं तुम्हाला, की आता बघितलं?"

मी हातातला कागद उलगडला.

"त्यांना मी म्हणायची," त्या म्हणाल्या, "पुरावा हाय ना, मग दाखवून टाका की. तर म्हणायचे, दाखवला तर म्हणतील मीच बनवला. ज्याला सगळं करता येतं त्याचा पुरावा कोण मानतं? अक्कानं स्वतःहून बघितलं तरच उपयोग." त्यांचा आवाज चढला. "घरात बसून तुम्हाला अक्काच म्हणायचे. मला लई राग यायचा त्याचा. अजून येतो."

"यायलाच हवा," मी म्हटलं.

"ते माझं मी बघीन. कागद द्या."

त्या मराठी शाळेत शिकलेल्या आहेत, हे मला माहीत नव्हतं. दारातल्या उजेडात बसून त्यांनी बोट फिरवत एकेक ओळ वाचली. एका जागी बोट थांबलं.

"'युनूस यांच्यावर संशय घेतला गेला.' कुणी घेतला?"

"मी."

"मग तसं लिहा."

मी लिहिलं. त्या पुढं वाचू लागल्या. माझी फाईल चुकून उघडी राहिली, त्या ओळीशी थांबल्या. मला वाटलं, हेही खोडायला लावणार. "हे खरं असेल," त्या म्हणाल्या. "माणसाच्या हातून होतं. राहू द्या." आणि मग शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवून कागद माझ्याकडे वळवला. तिथं मी लिहिलं होतं, की समितीसमोर मी चुकून तुमचं नाव घेतलं आणि नंतर गप्प राहिले.

"हे चुकून नव्हतं," त्या म्हणाल्या.

बाहेर गल्लीतून रिक्षा गेली. मी पेन काढलं आणि तो शब्द खोडला. त्यांनी कागद परत घेतला, उजेडासमोर धरला, खोडलेल्या जागेतून काही वाचता येतंय का ते दोन्ही बाजूंनी बघितलं. मग पेन मागून घेऊन त्याच्यावर स्वतःच्या हातानं आणखी एक रेघ ओढली. कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली.

"आता बसा," म्हणाल्या, आणि पाणी आणायला आत गेल्या.